करुण नायर गेला, मग विदर्भाच्या टीमचं काय झालं?

२ मार्च २०२५. जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी ट्रॉफी उचलली. केरळविरुद्धची ही फायनल ड्रॉ झाली, पण पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ आणि केरळच्या ३४२ धावा होत्या. रणजीची फायनल निकाली निघाली नाही तर पहिल्या डावातली आघाडी पाहतात, त्यामुळे ३७ धावांवर ट्रॉफी नागपुरात राहिली. दुसऱ्या डावात शतक ठोकणारा करुण नायर पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधीच विदर्भ सोडून परत कर्नाटककडे गेला.

मग इतवारीतल्या चहाच्या टपरीपासून फेसबुकच्या कमेंटपर्यंत एकच सवाल, आता कसं होईल?

करुण विदर्भात आलाच कसा?

करुण म्हणजे डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा बॅट्समन. कसोटीत त्रिशतक करणारा सेहवागनंतरचा दुसरा भारतीय. पुढे तो टीम इंडियातून बाहेर गेला आणि २०२२ मध्ये कर्नाटकच्या टीममधूनही. क्रिकेटने आपल्याला अजून एक संधी द्यावी, ही त्याची तेव्हाची पोस्ट तुम्ही पाहिली असेल. ती संधी २०२३ मध्ये विदर्भाने दिली.

यामागे बीसीसीआयचा एक नियम आहे. प्रत्येक राज्याची टीम बाहेरचे तीन खेळाडू घेऊ शकते. त्यांना 'प्रोफेशनल' किंवा पाहुणे खेळाडू म्हणतात. खेळाडूने आपल्या असोसिएशनकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, की झालं. जाताना पण तसंच. करुणसोबत विकेटकीपर जितेश शर्मानेही २०२५ मध्येच विदर्भ सोडलं, तो बडोद्याला गेला. फरक एवढाच की जितेश इथलाच, अमरावतीचा.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये हे दरवर्षी चालतं. तिथे २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' आहे. बॉल घेऊन पळणारा स्टार रनिंग बॅक पोर्टलमध्ये नाव टाकतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या जर्सीत दिसतो. मागे राहिलेल्या टीमची गोची मात्र सारखीच असते. ज्याच्या हातात बॉल द्यायची सवय लागलीय, तोच नाही.

गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

इथे जरा आकडे बघावे लागतील, कारण सोशल मीडियावर 'करुणने एकट्याने जिंकून दिलं' असं बरंच फिरलं होतं.

त्या रणजी सीझनमध्ये करुणने ८६३ धावा केल्या, चार शतकांसह. पण स्पर्धेत सगळ्यात जास्त धावा विदर्भाच्याच यश राठोडच्या होत्या, ९६०. डावखुरा स्पिनर हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या, एका रणजी सीझनमधला हा नवा विक्रम. फायनलमध्ये पहिल्या डावात ३ बाद २४ अशी वाट लागलेली असताना करुणने दानिश मालेवारसोबत २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर रनआऊट झाला, दानिशने १५३ केल्या आणि प्लेयर ऑफ द मॅचही दानिशच ठरला. म्हणजे रणजीत करुण मोठा होता, पण एकटा नव्हता.

खरा खड्डा वन-डेत पडणार होता. २०२४-२५ च्या विजय हजारे ट्रॉफीत त्याने ७७९ धावा केल्या, पाच शतकं, आणि सरासरी ३८९.५! टायपिंगची चूक नाही, अख्ख्या स्पर्धेत तो फक्त दोनदा आऊट झाला. त्यातली एक वेळ फायनलची. त्याच्या २७ धावा झाल्या आणि विदर्भ ३६ धावांनी हरलं. समोर कोण होतं? कर्नाटक.

मग विदर्भाने काय केलं?

करुणसारखाच दुसरा करुण शोधायच्या मागे ते लागले नाहीत. कर्नाटकचाच आर. समर्थ पाहुणा म्हणून आला, दिल्लीचा ध्रुव शोरी आधीपासून होताच. पण मुख्य भार घरच्या पोरांवर आला. कोच उस्मान घनी, तेही विदर्भाचेच जुने खेळाडू.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यावर इराणी कप झाला. अथर्व तायडेने १४३, राठोडने ९१ केल्या आणि विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. विदर्भाचा हा तिसरा इराणी कप.

त्यानंतर आली विजय हजारे. जिथे करुणची उणीव सगळ्यात जास्त भासायला हवी होती, तिथे अमन मोखाडेने ८०० हून अधिक धावा केल्या. सेमीफायनल कुणाशी? परत कर्नाटक, आणि या वेळी करुण त्यांच्याकडून! त्याने ७६ केल्या. मोखाडेने १३८ ठोकल्या, दर्शन नळकांडेने पाच विकेट घेतल्या, विदर्भ सहा विकेटने जिंकलं. १८ जानेवारी २०२६ ला बंगळुरूत सौराष्ट्रला ३८ धावांनी हरवून विदर्भाने पहिल्यांदाच ही ट्रॉफी जिंकली. फायनलमध्ये तायडेच्या १२८ धावा.

म्हणजे करुणची गरजच नव्हती?

असं म्हणणं घाईचं होईल. त्याच सीझनच्या रणजीत गतविजेत्या विदर्भाला क्वार्टर फायनलही गाठता आली नाही. तिकडे करुणने कर्नाटकसाठी केरळविरुद्ध २३३ केल्या. चार दिवसांच्या मॅचमध्ये सुरुवातीला विकेट पडल्यावर सहा तास खेळपट्टीवर उभं राहणारा माणूस लगेच तयार होत नाही. पन्नास ओव्हरमध्ये एखाद्याच्या भरात असलेल्या बॅटवर निभावून जातं.

विदर्भाने हे आधीही पाहिलंय. वसीम जाफर २०१५ मध्ये मुंबईहून आला. २०१७-१८ मध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिली रणजी जिंकली, पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्रला हरवून दुसरी. त्या दुसऱ्या सीझनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हजारावर धावा केल्या होत्या. २०२० मध्ये तो निवृत्त झाला आणि तिसरी रणजी यायला २०२५ उजाडलं. या मधल्या काळात २०२४ ला फायनल गाठली होती, पण वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी हरवलं.

करुणनंतर एवढी वाट बघावी लागेल का, ते मालेवार, मोखाडे आणि राठोड लाल बॉलने किती धावा काढतात यावर आहे.