१६ जुलै २००२ : विजेचा जुना घाव
इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यापलीकडे, उत्तर समुद्रातल्या लेमन वायुक्षेत्रात या दिवशी संध्याकाळी सिकोर्स्की एस-७६ जातीचे एक हेलिकॉप्टर कोसळले. समुद्रातून नैसर्गिक वायू काढणाऱ्या तळांवर कामगारांची ने-आण करणे हे त्याचे रोजचे काम. दोन वैमानिक आणि नऊ प्रवासी, असे अकराही जण मृत्युमुखी पडले.

मुख्य पंख्याचे एक पाते उडतानाच तुटले होते.

का तुटले, याचे उत्तर तीन वर्षे मागे गेल्यावर सापडले. १९९९ मध्ये याच पात्याला विजेचा तडाखा बसला होता. तेव्हा कोणी हयगय केली असे मात्र नाही. पाते उत्पादकाकडे गेले, तपासले गेले आणि वापरायोग्य ठरून परत आले. मेख होती ती आत. पात्याचा कणा टायटॅनियमचा. धूळ-पावसाने झिजू नये म्हणून त्याच्या पुढच्या कडेवर धातूचे आवरण चिकटवलेले असते. त्या आवरणाखाली, पाते घडवतानाच एक बारीक दोष राहून गेला होता. विजेने नेमकी तीच जागा गाठली. तिथला धातू क्षणभर प्रचंड तापला आणि आतून कमकुवत झाला. वरून पाहणाऱ्याला काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे प्रत्येक उड्डाणाच्या ताणाबरोबर तिथली भेग वाढत राहिली.

ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेने आपला अंतिम अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध केला.