नोंदवहीतले खोटे नाव : मसूर स्थानक ते महाबळेश्वरचे लॉज

१/ दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया जोडपे म्हणून महाबळेश्वर-पाचगणीत खोली मागतात, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहू शकेल असे एक कलम आपल्या राज्यघटनेत आहे. त्या कलमामागच्या अनुभवाचा एक धागा सातारा जिल्ह्यातच सापडतो. तो उलगडणारा हा थ्रेड.

२/ साल १९०१. साताऱ्यात राहणारा भीमराव नावाचा मुलगा भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरला. न्यायला कोणीच आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. अखेर एक बैलगाडी मिळाली ती अशा अटीवर की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार.

३/ रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचे होते. आपण मुसलमान असल्याचे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. मुलाने तसे सांगितले, तरीही पाणी मिळाले नाही. शिदोरी जवळ असूनही पाण्यावाचून मुले उपाशी झोपली.

४/ साल १९१७. तोच मुलगा, आता कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर, नोकरीसाठी बडोद्यास गेले. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावूनच त्यांना राहता आले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ दारात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवले आहेत.

५/ दोन्ही प्रसंगांत निवाऱ्याची आणि पाण्याची किंमत एकच होती : स्वतःची ओळख लपवणे. आणि ती मोजूनही आसरा टिकला नाही.

६/ पुढे राज्यघटनेच्या कलम १५(२)ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला बंद करता येणार नाहीत, असे ठरवले. बहुतेक मूलभूत हक्क शासनाला बांधतात. हे कलम मात्र खासगी मालकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. १९४८ च्या चर्चेत बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थही व्यापक लावला होता : मागेल त्याला सेवा देण्यास जो तयार आहे, त्याची जागा.

७/ मात्र १८६२ पासून लागू असलेले भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रजासत्ताकातही कायम राहिले. समलिंगी नागरिकांसाठी ओळख लपवण्याची सक्ती संपली नाही. परदेशातही चित्र वेगळे नव्हते. अमेरिकेत १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ निघे, कोठे उतरावे हे सांगणारे. १९६० च्या दशकात समलिंगी पुरुषांसाठी बॉब डॅमरन यांची पत्त्यांची पुस्तिका निघाली. जातीचा, वर्णाचा आणि लैंगिकतेचा अन्याय एकच नव्हे; परंतु बंद दारापुढे उभ्या प्रवाशाची चिंता सारखीच.

८/ येथे एक विरोधाभास आहे. दोन पुरुषांना लॉजवर खोली सहसा विनासायास मिळते, कारण ते ‘मित्र’ समजले जातात. खोली मिळते ती त्या समजापोटी. नाव खरे असले तरी नाते खोटे सांगावे लागते. बडोद्याच्या नोंदवहीची ही दूरची छाया होय.

९/ ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. याचिकाकर्त्यांमध्ये ललित हॉटेल समूहाचे केशव सुरी होते, म्हणजे हॉटेलचा चालकच न्याय मागायला उभा होता. लैंगिक कलावरून केलेला भेदभाव हा ‘लिंग’ या आधारावरील भेदभावच ठरतो, ही भूमिकाही त्या निकालात मांडली गेली. खोली नाकारणाऱ्याला १५(२) दाखवण्याचा युक्तिवाद येथून सुरू होतो.

१०/ तरी एक दार बंदच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. ‘फक्त विवाहित जोडप्यांना’ ही पाटी इतरांना काही काळ अडवते, यांना कायमची. वास्तविक, अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे.

११/ ‘हे सारे मोठ्या शहरांचे’ असे म्हणणाऱ्यांनी सांगलीकडे पाहावे. तेथे ‘संग्राम’ संस्थेच्या परिवारातील ‘मुस्कान’ ही देहविक्रय करणाऱ्या पुरुषांची व पारलिंगी व्यक्तींची संघटना सन्मानासाठी उभी आहे. ही माणसे बाहेरून आलेली नाहीत, आपल्याच जिल्ह्यांतली आहेत.

१२/ मग हॉटेलचालकाने करायचे काय? दोघांचे ओळखपत्र व वय तपासावे, विवाहाचा दाखला मागू नये. पलंग एक हवा की दोन, हे सर्वांना एकाच स्वरात विचारावे आणि उत्तरावर भुवई उंचावू नये. काउंटरवरील लेखनिकापासून रखवालदारापर्यंत सर्वांना हे समजावून द्यावे. पाहुण्याची माहिती चार लोकांत बोलू नये. याला खर्च फारसा नाही.

१३/ मसूरच्या स्थानकावर प्रश्न विचारला गेला होता : तुम्ही कोण? खरे उत्तर दिल्यावरही गाडी मिळावी, एवढ्यासाठीच ते कलम आहे.