राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, प्रवेश : (अहिल्यानगर जिल्हा)
तिन्ही सेनादलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण देणाऱ्या पुण्याजवळील खडकवासला येथील प्रबोधिनीत प्रवेश मिळविण्याची प्रक्रिया. अहिल्यानगर शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने रणगाडे येथील मुलांच्या नित्य परिचयाचे असतात. मात्र जवानभरतीहून अधिकारीपदाची वाट वेगळी आहे, हे अनेक घरांत उशिरा कळते आणि ही उणीव गंभीर आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. साधारणतः साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे वयाचे, बारावीत शिकणारे वा बारावी उत्तीर्ण अविवाहित उमेदवार तिला बसतात. गणिताला ३०० व सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असून, त्यानंतर सेवा निवड मंडळ उमेदवारांना पाच दिवस ठेवून घेत असलेल्या मानसशास्त्रीय व गटकार्याच्या कसोट्या आणि मुलाखत यांना ९०० गुण, म्हणजे लेखी परीक्षेइतकेच वजन असते. म्हणून केवळ पाठांतर पुरत नाही. शेवटी वैद्यकीय तपासणी होते. पूर्वतयारीसाठी सातारा येथील सैनिक शाळा (१९६१) आणि दहावीनंतर राज्य शासनाची छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था (१९७७) उपलब्ध आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींनाही हे दार खुले झाले. त्यांची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल होऊन मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाली.