यंत्राच्या पोटांतील पोथी

यंत्र विकत घेणारास यंत्राबरोबर एक माहितीपुस्तक मिळतें आणि कालांतरानें तें कपाटाच्या कोपऱ्यांत पडून राहतें, हा अनुभव सर्वांचाच आहे. यंत्रांत सुधारणा होत जातात. पुस्तक मात्र छापलें गेलें त्या दिवशीं जसें होतें तसेंच राहतें. जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढावा, त्यांतला हा प्रकार. संगणकाच्या बाबतींत तर ही अडचण फारच बिकट, कारण त्यावरील प्रोग्राम सारखे बदलत असतात. या अडचणींतून वाट काढण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंत पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं झाला व तो अद्यापि टिकून आहे. त्याची हकीकत युनिक्स या प्रणालीच्या इतिहासांत सांपडते.

न्यू जर्सी राज्यांतील मरे हिल येथें, बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत, केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्सच्या रचनेस आरंभ केला. संगणकाचीं सर्व कामें वांटून देणारी व सांभाळणारी अशी ही प्रणाली. तिच्यासाठीं नवें यंत्र मिळालें तें या बोलीवर, कीं मजकूर लिहिण्याचीं व तो नीटनेटका मांडण्याचीं साधनें त्यावर तयार केलीं जातील. १९७१ सालीं प्रयोगशाळेच्या पेटंट विभागांतील टंकलेखक या प्रणालीवर काम करूं लागले. त्या यंत्राची स्मृति अवघी २४ किलोबाइट; त्यांतील १६ प्रणालीनेंच व्यापलेले आणि उरलेल्या ८ मध्यें वापरणारांचे प्रोग्राम. मजकुराच्या ओळी सारख्या करून पान बांधणाऱ्या प्रोग्रामाचें नांव 'रॉफ' असें होतें.

याच साधनानें युनिक्सनें स्वतःचें माहितीपुस्तक लिहवून घेतलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. विभागप्रमुख डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून टॉम्प्सन व रिची लिहावयास बसले, आणि ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली पहिली आवृत्ति तयार झाली. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानाची घडण एकच. आरंभीं आज्ञेचें नांव व एका ओळींत तिचें काम, मग ती कशी लिहावी, मग वर्णन, मग संबंधित फाइली व आणखी कोठें पाहावें याची सूचना. शेवटीं मात्र दोन मथळे असे, कीं जे बाजारांतील माहितीपुस्तकांत सहसा आढळावयाचे नाहींत. एक 'दोष' आणि दुसरा 'मालक'. मालक म्हणजे विकत घेणारा नव्हे. त्या प्रोग्रामाची जबाबदारी ज्याच्याकडे, तो. त्याच्या नांवाचें संक्षिप्त रूप तेथें दिलेलें असे.

स्वतःच्या कृतींतील दोष स्वतःच्याच हातानें लिहून ठेवावे, हा रिवाज दिसतो साधा. त्याचे परिणाम मात्र दूरवर गेले. नवी आवृत्ति काढावयाची म्हटली कीं प्रयोगशाळेंत एकच धांदल उडे, अशी आठवण मॅकिलरॉय यांनीं पुढें सांगितली आहे. एखाद्या प्रोग्रामांतील वेडेंवांकडेपण शब्दांत मांडावयास बसलें, कीं हें छापणें बरें नव्हे असें लिहिणारालाच वाटूं लागे, आणि वर्णन लांबविण्याऐवजीं तो प्रोग्रामच दुरुस्त करी. अशा रीतीनें पुस्तकानें यंत्राला वळण लावलें. संगणकाच्या इतिहासांत याहून मोठीं कामें पुष्कळ झालीं. परंतु इतकें शहाणपणाचें काम क्वचितच झालें असेल.

पुस्तकाचा मान इतका, कीं प्रणालीच्या अवस्था पुस्तकाच्या आवृत्तीवरून ओळखल्या जाऊं लागल्या. जून १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तींत युनिक्स १० ठिकाणीं पोंचल्याची नोंद आहे. जानेवारी १९७९ मधील प्रणालीस आजहि 'सातवी आवृत्ति' असेंच म्हणतात. दरम्यान पुस्तकाचीं हीं पानें यंत्रांतच ठेवण्यांत आलीं होतीं आणि 'मॅन' ही आज्ञा देतांच हवें तें पान समोर येऊं लागलें. मॅन या आज्ञेचेंहि एक पान आहे. सातव्या आवृत्तींतील त्या पानावर दोषाच्या मथळ्याखालीं अशी कबुली आहे, कीं पुस्तक छपाईच्या यंत्रावर व टंकयंत्रावर सारखेंच निघावें अशी अपेक्षा असली, तरी टंकयंत्रावर कांहीं माहिती गळणें अपरिहार्य आहे.

आज्ञेचें नांवच ठाऊक नसेल तर पान शोधावें कसें? कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या १९७९ मधील युनिक्स-संचांत यासाठीं 'ॲप्रोपॉज' ही आज्ञा आली. ती सर्व पानांच्या आरंभींच्या एकओळी वर्णनांची सूची चाळते. ती एक ओळ आळसानें लिहिलेली असली, किंवा नवीं पानें आल्यावर सूची पुन्हां बांधलेली नसली, तर उत्तम पानहि असून नसल्यासारखें होतें.

खरी कसोटी मात्र पान लिहून झाल्यावर लागते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पानें 'इन्फो' ही निराळी, प्रकरणवार पद्धति पत्करली आणि मॅनचीं पानें मागें पडलीं. ग्नूच्या कंपायलरच्या जुन्या पानावर तर अशी सूचना होती, कीं स्वयंसेवकांनीं मनावर घेतल्याशिवाय हें पान अद्ययावत ठेवलें जात नाहीं. सत्य सांगितलें हें खरें. पण वाचणारानें त्यावर विसंबावें कसें? उलट १९९३ मध्यें सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स-संचाच्या नियमावलींत, प्रोग्रामास पान नसणें हाच दोष मानला गेला.

लिनक्स प्रणालीच्या अंतर्भागाचें व सी भाषेच्या ग्रंथालयाचें वर्णन करणारीं पानें एका स्वतंत्र प्रकल्पांत सांभाळलीं जातात. १९९३ पासून रिक फेथ, १९९५ पासून आंद्रीस ब्राउवर, २००४ पासून मायकेल केरिस्क, अशी ती परंपरा. प्रणालींत सुधारणा करणारे शेंकडों. पण ती सुधारणा पानावर उतरली कीं नाहीं, हें पाहण्याचा मुख्य भार एकेका माणसावर. केरिस्क यांच्यानंतर तो आलेहांद्रो कोलोमार यांच्याकडे आला. सप्टेंबर २०२४ मध्यें त्यांनीं जाहीर केलें, कीं विनामोबदला हें काम यापुढें चालविणें शक्य नाहीं. ज्या प्रणालीवर जगांतील मोठमोठ्या कंपन्यांचे कारभार चालतात, तिचीं पानें कांहीं काळ पोरकीं झालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस कांहीं संस्थांनीं त्यांच्या वेतनाची तजवीज केली, आणि कोलोमार पुन्हां कामाला लागले.