घोटावड्याचें आभाळ व युद्धकालीन विद्यालयांतील हवामानविद्या

मुळशी तालुक्यांतील घोटावडे हें गांव सह्याद्रीचा घाटमाथा व पुणें शहर यांच्या मधल्या पट्ट्यांत आहे. पश्चिमेस ताम्हिणीकडे आषाढांत दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. पूर्वेस पुण्याकडे जावें तसतसा पाऊस विरळ होत जातो. घाटमाथ्यावर वर्षास कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पुण्यास सरासरीनें सुमारें ७००. समुद्रावरील ओली हवा डोंगरास अडून वर चढते, चढतां चढतां थंड होते, तिच्यांतील बाष्पाचे ढग होऊन वर्षाव होतो. पलीकडे उतरतांना तीच हवा तापते व कोरडी पडते. मावळच्या शेतकऱ्यास या गोष्टीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिचें कारण मात्र अमेरिकेंतील हायस्कुलांच्या मुलांस इ. स. १९४२ मध्यें मोठ्या घाईनें शिकावें लागलें. त्या प्रकरणाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ता. ६ जानेवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्या वर्षीं ६०,००० व पुढील वर्षीं १,२५,००० विमानें बांधण्याचा संकल्प जाहीर केला. विमानें कारखान्यांत होतील; पण तीं चालविणारे तरुण कोठून आणावयाचे? तेव्हां हायस्कुलांतच विमानविद्येचा ओनामा सुरू झाला. त्याच वर्षीं कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयाच्या साह्यानें 'सायन्स ऑफ प्री-फ्लाइट एअरोनॉटिक्स' हें क्रमिक पुस्तक निघालें, आणि सप्टेंबरांत 'हायस्कूल व्हिक्टरी कोअर' ही विद्यार्थिसंघटना स्थापन होऊन तींत हवाई शाखाहि ठेवण्यांत आली. आरमारखात्यानें तर शाळांकडून पांच लक्ष लांकडी प्रतिकृति करवून घेण्याचें ठरविलें. प्रतिकृति मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची असे. म्हणजे ती ३५ फुटांवरून पाहिली असतां अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसे. आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें सैनिकांस ओळखतां यावें म्हणून ही योजना होती. सुतारकामाच्या तासास असा उपयोग क्वचितच लाभला असेल.

ब्रिटनमध्यें ता. ५ फेब्रुवारी १९४१ रोजीं 'एअर ट्रेनिंग कोअर' स्थापन होऊन सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांस विमानविद्येचीं मूलतत्त्वें शिकविण्यांत येऊं लागलीं. चमत्कार असा कीं, त्याच देशांत युद्धारंभापासून मे १९४५ पर्यंत हवामानाचा अंदाज लोकांस जाहीर करणें बंद होतें. तिकडील हवामान बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतें. ब्रिटनवरील आजचें आभाळ शत्रूस कळलें, तर जर्मनीवरील उद्यांचें आभाळ त्यास कळल्यासारखेंच होतें. वर्गांत मेघांचीं लक्षणें शिकलेल्या मुलासहि उद्यांचा पाऊस वर्तमानपत्रांतून कळण्याची सोय नव्हती.

आमच्याकडे या विद्येचें ठाणें पुण्यासच होतें. हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आली; शिवाजीनगरच्या त्या जागेस पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९४४ मध्यें मुख्य ठाणें दिल्लीस गेलें, व त्याच वर्षीं डॉ. एस. के. बॅनर्जी हे खात्याचे पहिले हिंदी डायरेक्टर-जनरल झाले. विमान व पाऊस यांची गांठ मात्र पुण्यास त्यापूर्वींच पडली होती. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांचें टपालविमान सुरू झालें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून ती मंडळी तेवढ्यापुरता आपला मुक्काम येरवड्याच्या मैदानावर हलवीत. लोहगांवचा विमानतळ १९३९ चा. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्यानें झाली व तिची विमानशाखा ता. १ एप्रिल १९५० रोजीं निघाली, तेव्हां युद्ध संपून जवळजवळ पांच वर्षें लोटलीं होतीं.

आतां आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न असा कीं, ही विद्या आपणांस नवी कितपत? म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांतील हस्तलिखितावरून आर. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें जें कौटिलीय अर्थशास्त्र छापिलें, त्यांत कोठारांत एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर प्रांतवार मानेंहि दिलीं आहेत: अश्मकांत साडेतेरा द्रोण, अवंतींत तेवीस, अपरांतांत अमित. अपरांत म्हणजे कोंकण. अश्मक म्हणजे सामान्यतः गोदातीराकडील मुलूख. घाटाखालचा व घाटावरचा भेद याहून थोडक्यांत कोणी सांगितला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. घोटावडे हें त्या 'अमित' व 'साडेतेरा' यांच्या मधलें गांव.

वराहमिहिर बृहत्संहितेंत मेघांचा गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनीं प्रसव होतो असें मानतो. त्याची निरीक्षणाची चिकाटी वंदनीय आहे. तथापि निरीक्षकास दिसतें तें आपल्या डोक्यावरचेंच आभाळ. एकाच घटकेस शेंकडों ठिकाणीं वायुभार मोजावा, तो तारेनें एका जागीं आणावा व एका कागदावर मांडावा, ही युक्ति सर्वस्वीं अलीकडची, आणि युद्धकालांत लपविण्यासारखी हीच होती. पाऊस मोजणें जुनें, नकाशा नवा.

कांहीं उत्साही गृहस्थ याहि पुढें जाऊन 'वैमानिकशास्त्रा'च्या आधारानें विमानविद्याहि प्राचीन ठरवितात. हस्तलिखितें पारखणाऱ्यांनीं येथें दाक्षिण्य दाखवूं नये. तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ च्या दरम्यान तोंडानें सांगून लिहविला. तो १९०४ च्या पूर्वींचा नाहीं व त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ मध्यें दिला. कौटिल्याचें खरें कुंड हातीं असतां खोट्या विमानाचा हव्यास कशास?

दुसरी तक्रार आमच्यावर आम्हीच करूं. एका मोडी रुमालासाठीं आपण गांवोगांव हिंडतों, आणि गेल्या युद्धाच्या काळांतील शाळेच्या वह्या डोळ्यांदेखत रद्दींत जातात. मुळशी-मावळांतील कोणा वाचकाच्या घरीं १९३९ ते १९४५ च्या दरम्यान मुलांनीं हवामान अगर विमानें यांविषयीं लिहिलेल्या वह्या, किंवा पंचांगाच्या समासांत वडिलांनीं टिपलेला पाऊस असल्यास, गांवाचें नांव व घाटमाथ्यापासूनचें अंतर नमूद करून तीं बाडें नकलेसाठीं मंडळाकडे धाडावीं. मूळ प्रत परत केली जाईल.