गाव कुठलं?

मराठी माणसाची ओळख झाली, नाव सांगून झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "गाव कुठलं तुमचं?" विचारणाऱ्याला आपण सध्या कुठे राहतो यात रस नसतो. त्याला मूळ हवं असतं. आपण 'पुणे' म्हटलं की तो समजूतदारपणे मान हलवतो आणि म्हणतो, "ते झालं हो, पण मूळचे?"

आडनावात गाव असलेल्यांची तर जास्तच पंचाईत. आमच्या आडनावातलं गाव कोकणात आहे म्हणे. माझ्या पणजोबांनीही ते पाहिलेलं नव्हतं. आजोबा घाटावर नोकरीला आले, वडील सांगलीत वाढले, मी पुण्यात, आणि माझी भाचरं आता अशा ठिकाणी आहेत की तिथे फोन करायचा तर आधी घड्याळ बघावं लागतं. सांगलीतलं आमचं घर विकून झालं त्या दिवसापासून या प्रश्नाचं उत्तर देताना मी थोडा अडखळतो. ('आत्याच्या डोळ्यांदेखत विकलंत' असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, आत्याची संमती होती.)

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी मागे एकदा मिरजेत दिवसभर पायी भटकलो. काम काही नव्हतं. स्टेशनापासून निघालो, लक्ष्मी मार्केटवरून दर्ग्याकडे आणि तिथून सतारमेकरांच्या गल्लीत. सांगलीकरांना मिरज म्हणजे गाडी बदलायचं गाव. लहानपणी आम्ही तिथे तिन्ही प्रकारचे रूळ पाहिले आहेत. पुण्याकडे जाणारा रुंद, लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा तो नखाएवढा नॅरोगेज. एका फलाटावरून दुसऱ्यावर ट्रंका वाहायच्या आणि मिरजेतून बाहेर पडायचं, एवढाच आमचा तिथला मुक्काम. पण गाण्याच्या इतिहासात डोकावलं की दिसतं, जी माणसं आयुष्यभर फिरली ती शेवटी इथेच उतरली.

१८७२ साल घ्या. त्या वर्षी १८ ऑगस्टला कुरुंदवाडात एक मुलगा जन्मला आणि तीन महिन्यांच्या आत, ११ नोव्हेंबरला, तिकडे दिल्लीच्या पलीकडे कैराना नावाच्या गावात दुसरा. पहिला विष्णू दिगंबर पलुसकर, दुसरा अब्दुल करीम खाँ. कुरुंदवाड मिरजेपासून हाकेच्या अंतरावर, कैराना आज उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात. दोघांचा एकमेकांशी संबंध यायचं तसं काही कारण नव्हतं. एकाच्या घरी कीर्तन, दुसऱ्याच्या घरी पिढ्यानपिढ्या गाणं आणि सारंगी.

पलुसकरांचं मूळ आडनाव गाडगीळ. घराणं पलूसचं म्हणून पलुसकर. म्हणजे पाहा, जन्म कुरुंदवाडचा, नाव पलूसचं आणि आयुष्याला वळण मिळालं ते मिरजेत. लहानपणी दत्तजयंतीला फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे अधू झाले. औषधपाण्यासाठी मुलाला मिरजेला आणलं. डोळे काही पूर्ववत झाले नाहीत, पण गळा चांगला आहे हे लक्षात आलं. मिरजेच्या पटवर्धन सरकारांच्या आश्रयाला तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी पायपीट करून शिकून ती महाराष्ट्रात आणणारा हा माणूस. (इथेही आडनावात गाव आहेच!) त्यांच्यापाशी हा मुलगा शिकला.

१८९६ साली पलुसकर मिरज सोडून निघाले. बडोदा, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा असं करत करत पंजाबात पोचले. वाटेत संस्थानिकांकडे गायले, तसंच तिकीट लावून सर्वसाधारण लोकांसमोरही गायले. गाणं राजवाड्यातून बाहेर काढायचं आणि गाणाऱ्याला समाजात मानाने बसवायचं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या देणगीवर नव्हे, लोकांच्या मदतीवर चालणारी गाण्याची शाळा. कृष्णाकाठचा, धड दिसत नसलेला तरुण रावीकाठी जाऊन शाळा काढतो! विनायकराव पटवर्धन हा मिरजेचा मुलगा पुढे तिथेच शिकायला गेला. म्हणजे गुरूही मिरजेकडचा आणि शिष्यही मिरजेचा, भेट मात्र लाहोरला.

१९०८ साली मुंबईत शाळा निघाली. पुढे स्वतःची इमारत उभी राहिली, त्यासाठी कर्ज झालं आणि कर्जापायी ती इमारत लिलावात गेली. पलुसकर नाशिकला रामनामात रमले. आणि अखेरीस? २१ ऑगस्ट १९३१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, ते गेले ते मिरजेत. जिथून पस्तीस वर्षांपूर्वी निघाले होते, तिथेच.

आता दुसरा प्रवासी. अब्दुल करीम खाँ तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर गात गात बडोद्याला आले. दरबारात मान मिळाला. तिथेच सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. दोघांनी बडोदा सोडलं. मुंबई झाली, मिरज झाली, १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय झालं. मधूनमधून म्हैसूरच्या दरबारात जाणं. त्या वाटेवर हुबळी-धारवाड लागायचं, तिथे मुक्काम पडायचा. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांना याच बाजूला मिळाले. कैरान्याचं गाणं धारवाडी मातीत रुजलं त्याच्या मुळाशी दरबार नाही, घराणेशाही नाही, रेल्वेचा रस्ता आहे, असं मला नेहमी वाटतं.

आणि प्रवासात हा माणूस नुसता गाऊन परत येत नसे, ऐकतही असे. दक्षिणेतल्या संगीताचा त्यांनी नीट अभ्यास केला. त्यागराजांची एक कृती त्यांनी खरहरप्रिया रागात ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे. किराणा घराण्यात सरगम ज्या प्रेमाने घेतली जाते, तिच्यामागे हे दक्षिणेचं ऐकणं आहे असं जाणकार सांगतात. आपण प्रवासाहून येताना म्हैसूरपाक आणतो, खाँसाहेबांनी स्वर आणले.

घर मात्र टिकलं नाही. १९२२ साली ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या मुलांची नावं वाचली तरी पोटात कालवतं. सुरेशबाबू माने, कृष्णराव माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, सरस्वती राणे. वडिलांचं नाव कुठेच नाही. बहुतेकांना आईचं आडनाव आहे, नाहीतर आईचं गाव. हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेतला, पण जगाला त्या बडोदेकर म्हणूनच माहीत. आणि खाँसाहेबांच्या शिष्या व पत्नी बानूबाई लाटकर पुढे ओळखल्या गेल्या त्या सरस्वतीबाई मिरजकर म्हणून. एका माणसाच्या भोवती तीन गावं: घराण्याला कैराना, मुलींना बडोदा, पत्नीला मिरज. या माणसाला कुणी "गाव कुठलं?" असं विचारलं असेल तर त्याने काय सांगितलं असेल?

मिरजेशी त्यांचं नातं दर्ग्याचं. प्लेगच्या दिवसांत आजारी असताना त्यांनी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात बसून गाण्याची सेवा केली आणि बरे झाले, अशी कथा मिरजेत सांगतात. कथा कशी घ्यायची ते ज्याने त्याने ठरवावं. पण घर मोडल्यावर ते मिरजेत राहिले, इथूनच गाण्याला बाहेर पडत आणि इथेच परतत, हे काही कथेतलं नाही.

राहायला दुसरंही एक कारण होतं असं मला वाटतं. सतारमेकरांची गल्ली. इथले फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणाऱ्यांतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग बनवायलाही. पंढरपूरच्या बाजूचे मोठाले भोपळे आणायचे, वाळवायचे, कापायचे, त्यावर लाकडाचा दांडा बसवायचा आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची. घोडीची वरची बाजू कानसेने अशी घासायची की तार तिला नुसती टेकावी, आणि मग सुताचा एक बारीक दोरा तारेखाली सरकवत न्यायचा. एका जागी आल्यावर अचानक तंबोरा 'उघडतो'. खाँसाहेबांना वाद्यं दुरुस्त करण्याचा स्वतःलाच नाद होता. ज्याचं सगळं गाणं सुरावर उभं, त्याला तंबोऱ्याच्या गावापेक्षा बरं गाव कुठलं मिळणार? मी गेलो तेव्हा एका दुकानात कारागीर जवारीच काढत होते. मी दारात उभा राहून पाहत होतो. ते न थांबता म्हणाले, "घ्यायचा नसला तरी बसा." मी बसलो. तासभर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याचं गाव कुठलं हे आता सरकारदरबारी लागलं, माणसांचं राहिलं :-)

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासकडे गाण्यासाठी गेले होते. तिथून पाँडिचेरीला, अरविंदांच्या आश्रमात जायला निघाले. गाडीत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढले, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी गात गात गेले असं सांगतात. तारीख २७. पासष्ट पुरी व्हायला दोन आठवडे कमी. परमुलूख, परभाषा, रात्रीचं स्टेशन. शेकडो किलोमीटरवरून त्यांचं पार्थिव आणलं गेलं ते कैरान्याला नव्हे, बडोद्याला नव्हे, मिरजेला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

दरवर्षी उरुसात तिथे गाण्याची सभा होते. मोठमोठे गवई येऊन गातात आणि त्याला मैफल म्हणत नाहीत, 'हजेरी' म्हणतात. हिराबाईही तिथे येऊन गात. ज्यांच्या नावात वडील नाहीत त्या मुलीने वडिलांच्या कबरीपाशी बसून गायचं, याबद्दल मी जास्त काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं ते नाहीच.

सगळ्यांना मात्र असं परतता येत नाही, हेही लिहायला हवं. खाँसाहेबांच्या शिष्या रोशनआरा बेगम १९४८ साली मुंबई सोडून पाकिस्तानात गेल्या आणि लालामूसा नावाच्या गावात राहिल्या. १९८२ साली त्या तिकडेच वारल्या. ज्या लाहोरात पलुसकरांनी शाळा काढली तेही १९४७ नंतर आपल्यासाठी दुसरा देश झालं. मिरजेचा मुलगा शिकायला लाहोरला जाईल हे आज ऐकायलाही विचित्र वाटतं. रूळ तेच असतात, मधे फाटक लागतं.

मला यातून एवढंच कळलं की गावाचं उत्तर आपण उगाच मागे शोधत बसतो. आडनाव सांगतं आपले कुणीतरी कुठून निघाले ते. सातबारा सांगतो जमीन कुणाची ते. यातलं काहीच नसलं तरी माणसाला गाव असू शकतं. जिथे आपण वर्षातून एकदा का होईना, कुणी बोलावलं नसताना हजेरी लावतो, ते आपलं गाव. खाँसाहेबांची मिरजेत वडिलोपार्जित काही नव्हती. हजेरी होती.

तेव्हा भाचरांनो, घर विकलं म्हणजे गाव गेलं असं आईने सांगितलं तर ऐकू नका. सांगलीला या. घर नसलं तरी घाट आहे, गणपती आहे, भडंग आहे आणि ब्याऐंशीव्या वर्षीही तुमच्या वजनावर बोलणारी आत्येआजी आहे. येताना गाडी मिरजेला थांबेल. घाई नसेल तर उतरा, आणि दर्ग्यापर्यंत चालत जाऊन या.