पदवीच्या अलीकडची पायरी

परदेशी शिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्याकडे आगबोट आणि पदवी या दोनच गोष्टींचे वर्णन होते. अमुक साली अमुक गृहस्थ बोटीत बसले आणि तमुक साली पदवी घेऊन परतले, एवढे लिहिले की चरित्रकाराचे काम भागते. परंतु बोटीतून उतरल्यापासून विद्यापीठाच्या दारातून आत पाऊल टाकीपर्यंत काय घडले, हे फारसे कोणी विचारीत नाही. शाळा एका देशातली आणि विद्यापीठ दुसऱ्या देशातले, असे झाले म्हणजे दोहोंमध्ये एक फट राहते. ती कधी भाषेची असते, कधी विषयांची, कधी नुसत्या कागदाची. ही फट आजवर कोणी बुजविली आणि कोणाच्या खर्चाने, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. चामोर्शीत बसून तो का घ्यावा, हे पुढे दिसेल.

कागदाच्या फटीचे एक जुने उदाहरण आहे. १८६९ साली लंडनला सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उतरले. त्यांत तिघे बंगाली होते आणि चौथे मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व ठाकूर या दोघांची नावे यादीतून काढण्यात आली. कारण काय, तर वय जास्त! मॅट्रिकच्या वेळी लिहिलेल्या वयावरून हिशेब केला, तर परीक्षेची मर्यादा ओलांडली जात होती. आपल्याकडे सोळावे वर्ष लागले की 'सोळा' म्हणण्याचा प्रघात. इंग्रजी हिशेबाने ती पंधरा पुरी होतात. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि दोघांनाही परत घेण्यात आले. ही परीक्षा पदवीची नव्हती खरी. पण एका देशातला दाखला दुसऱ्या देशात वाचला जाताना त्याचा अर्थ कसा बदलतो, हे तिने दाखवून दिले.

१८८३ साली दोन महाराष्ट्रीय स्त्रिया परदेशी गेल्या. आनंदीबाई जोशी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला तो शरद ऋतूत. मधले महिने त्यांनी न्यू जर्सीत रोझेल येथे श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी काढले. त्या घराला कोणी विद्यालय म्हटले नाही, पण काम त्याने विद्यालयाचेच केले. बोलण्याचा सराव, नव्या हवेची सवय, पोशाखाचा प्रश्न, शाकाहार कसा सांभाळावा याची तजवीज, हे सारे तेथे झाले. आजच्या भाषेत याला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम म्हणतात आणि त्याचे जबर शुल्क पडते. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई एम.डी. झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने वारल्या. एका घराच्या मायेने दार उघडले. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यावर मात्र त्या मायेपाशी उपाय नव्हता.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्याही वैद्यक शिकण्याच्या हेतूनेच इंग्लंडला गेल्या. परंतु कानाच्या दोषामुळे तो मार्ग बंद झाला. मग १८८४ पासून चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात, डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली, त्या इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवूही लागल्या. एकाच इमारतीत एका तासाला विद्यार्थिनी आणि दुसऱ्या तासाला अध्यापिका! परदेशी विद्यार्थी म्हणजे रिकामे भांडे, ही समजूत त्या काळीही खोटी होती. केंब्रिजच्या पहिल्या परीक्षेला ग्रीक भाषा १९१९ पर्यंत सक्तीची होती. तेथे पूर्वेकडील विद्यार्थ्याला संस्कृत किंवा अरबी देण्याची सवलत असे, याचे आम्हांस विशेष वाटते. त्याच्या घरची विद्या दारात निदान तोलून तरी पाहिली जात होती.

तरीही हिंदी पदवीचे मोल तेथे पुरते धरले जात नसे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनमधून पदवीधर होऊन, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि तेथे पुन्हा पदवीच्याच वर्गात बसले. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. पण ज्यांना रँग्लर होता आले नाही, त्यांचीही तीच वर्षे पुन्हा खर्च झाली होती.

सरकार या कामात उतरले ते १९०९ साली, आणि निर्मळ मनाने उतरले असे म्हणवत नाही. लंडनला हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी उघडली गेली, टी. डब्ल्यू. आर्नोल्ड सल्लागार नेमले गेले. प्रवेश, बिऱ्हाड, शिफारस या सगळ्यांत मदत मिळे. पण इंडिया हाउसच्या चळवळीनंतरचा तो काळ असल्यामुळे मदतीबरोबर पाळतही येते, असा विद्यार्थ्यांचा ग्रह होता. तो निराधार होता असे कोणी म्हणू नये.

ज्यांच्यामागे घर नव्हते आणि सरकारही नव्हते, त्यांचे काय? डॉ. आंबेडकर १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. मग सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दलित विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्यासाठी सरकारी पैसा मिळावा म्हणून त्यांनी जो आग्रह धरला, त्याच्यामागे हा अनुभव होता. राजा उदार निघाला तर शिकावे, ही काही व्यवस्था नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पायरी उघडपणे बांधली जाऊ लागली. मॉस्कोला १९६० मध्ये लोकमैत्री विद्यापीठ निघाले. तेथे परदेशी विद्यार्थ्याने आधी पूर्वतयारी विभागात रशियन शिकावे, मग मुख्य अभ्यासाला लागावे, अशी रचना होती आणि खर्च सोव्हिएत सरकारचा होता. जर्मनीत 'श्टुडिएनकोलेग' आहेत. ज्याचा शालान्त दाखला अपुरा ठरतो, त्याने तेथे साधारण वर्षभर शिकून परीक्षा द्यावी. सरकारी संस्थेत शिकवणीचे शुल्क सहसा नसते. इंग्लंडचे कारण निराळे. तेथील शाळकरी मुलगा शेवटची दोन वर्षे बहुधा तीनच विषय खोलवर शिकतो आणि पदवी तीन वर्षांत उरकतो. सहा विषय वरवर शिकून आलेल्या मुलाला ती उडी झेपत नाही, म्हणून मध्ये एक 'फाउंडेशन' वर्ष. उत्तर इंग्लंडमधील विद्यापीठांनी १९८७ मध्ये यासाठी संघ काढला. पुढे ऑस्ट्रेलियात आणि इतरत्र खासगी कंपन्या विद्यापीठांशी करार करून हे वर्ष विकू लागल्या. विकू लागल्या हा शब्द आम्ही जाणून वापरतो. शिक्षण त्यांच्याकडे चांगले नसते असे नाही. पण रोझेलच्या घराची जागा आता दरपत्रकाने घेतली आहे.

आपणही कोणाचे तरी परदेश आहो, हे विसरू नये. पुण्यात शिकणारा मॉरिशसचा एक विद्यार्थी वसतिगृहात आजारी पडला आणि त्याला विचारणारे कोणी नव्हते. ते पाहून प्रा. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'सिंबायोसिस' काढली. पायरीची गरज त्यांना प्रथम दिसली ती प्रवेशपरीक्षेत नव्हे, तर पोराच्या जेवणाच्या ताटात.

आता चामोर्शीकडे येऊ. नागपूरला विद्यापीठ झाले १९२३ मध्ये. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ येण्यास २०११ उजाडले. भामरागडकडच्या माडिया मुलाची घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी, महाविद्यालयाच्या पुस्तकाची इंग्रजी तिसरी. लंडनला जाणाऱ्याला जी फट एकदा ओलांडावी लागते, ती हा मुलगा जिल्ह्याबाहेर न पडता दोनदा ओलांडतो. केंद्र सरकारची आदिवासी विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या वर्षाला वीस जागा, त्यांतल्या तीन विशेष दुर्बल जमातींसाठी, आणि माडिया त्यांतच मोडतात. परंतु ती पदव्युत्तर व त्यापुढील शिक्षणासाठी आहे. पैसा वरच्या मजल्यावर ठेवला आहे आणि जिना ज्याचा त्याने आणावा, असा हा प्रकार झाला.

हा जिना गोंडवाना विद्यापीठाच्या आवारातच बांधावा, असे आमचे मत आहे. बारावीनंतरचे एक वर्ष, राहण्याजेवण्यासह, सरकारी खर्चाने. त्यात इंग्रजी लिहिण्याचा रोजचा सराव हवा, ग्रंथालयात स्वतः शोधून वाचण्याची सवय हवी, शिक्षकाला प्रश्न विचारण्याची भीड मोडायला हवी. आणि एखादा कारकून केवळ कागदांसाठी हवा. जातपडताळणी, पासपोर्ट, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख, यांचा मेळ घालून देणारा. विद्यापीठाने पहिल्या वर्षी वीसच मुले घ्यावीत, परंतु त्यांत भामरागड व एटापल्लीची मुले असावीत, आणि घरची माडिया बोली त्या वर्गात बोलायला बंदी नसावी.